गुरम्माचा उजवा पाय

लातुरात शिकवण्यांच्या त्या भागात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी हजारांनी होत्या, आणि त्यातल्या एखादीच्या कंबरेत चमक भरली तर ती आधी जायची पोळ्या लाटणाऱ्या गुरम्माकडं. काखेत जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक, पुस्तकात मणक्याचं चित्र, चित्रातल्या हाडाहाडाचं इंग्रजी नाव तोंडपाठ, आणि पोरगी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उंबऱ्यावर पालथी पडून म्हणणार, "मावशी, हळू मारा हं." गुरम्मा लाटणं बाजूला ठेवायची, पदर खोचायची आणि उजव्या पायानं तीनदा कंबरेला लावायची. म्हणायला लाथ, पण झोपलेल्या लेकराला शाळेसाठी उठवावं इतकाच तिचा जोर. पोरगी उठायची, पुढं वाकून बघायची आणि म्हणायची, "अय्या, गेलं!" काय गेलं आणि कुठं गेलं हे त्या पुस्तकात नव्हतं आणि गुरम्मालाही ठाऊक नव्हतं.

गुरम्मा पायाळू होती. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले ते माणूस पायाळू, आणि त्यानं पाय लावला की कंबरेतली उसण पळते, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. औशाजवळच्या माहेरी ती चार वर्षांची असताना गावच्या गुरुजींना तिच्यापुढं पालथं झोपवलं होतं. ज्यांची छडी सगळ्या गावानं खाल्ली त्या गुरुजींना तिनं लाथ घातली आणि वर गूळ मिळाला. तेव्हापासून हा पाय तिचा राहिला नाही, गावाचा झाला. वीज कडाडायला लागली की पायाळूवर पडते म्हणून तिला घरात कोंडायचे, आणि पाऊस उघडला की कंबरा धरून माणसं दारात हजर. लातूरला आल्यावर तर तिचा भाव आणखी वाढला, कारण नवे पायाळू जन्मायचेच थांबले होते. "बाळ आडवं-उलटं दिसलं की आता पोट फाडून काढतेत," गुरम्मा ठसक्यात सांगायची. "पायाळू येतेत कुठून? माझ्यामागं कुणी न्हाई."

आणि दैवाची मस्करी बघा, गेला तो तिचा उजवा पायच.

चौदा वर्षं ओट्यापाशी उभं राहून दोन्ही वेळेच्या मिळून सहाशे पोळ्या. कणकेची परात दोघींनी उचलायची ती एकटीनं उचलायची, कारण दुसरीची वाट बघत बसण्याचा तिला कंटाळा. शेवटी मणक्यातली गादी सरकली, शीर दबली. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेनं थेट अंगठ्यापर्यंत जायची, आणि गेली तिथं तव्याचा चटका बसल्यागत जळत राहायची. सहा महिने तिनं ते पदराखाली झाकलं. मग एक दिवस अंगठा वर उचलेना, चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहिली, तेव्हा हॉस्टेलच्या मालकीणबाई उज्वला मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. होळी झाल्यावर ऑपरेशन झालं. डॉक्टर तिशीतला, लातूरच्याच शिकवण्यांतून वर गेलेला. गुरम्मा तेव्हा पोरांच्या एका मेसमध्ये होती; हा तिच्या हातच्या पोळ्या खाऊन शिकला होता. त्यानं तिला ओळखलं नाही आणि तिनंही ओळख दिली नाही.

मॅडमनी वाईट वागवलं असं नाही. स्वयंपाकघरामागची खोली, जिथं गुरम्मा इतकी वर्षं राहत होती, ती तिच्याकडंच ठेवली. पोळ्यांना देगलूरकडची लक्ष्मम्मा आणली, तीही "तात्पुरती" म्हणून. पण एक गोष्ट त्यांनी सरळ सांगितली. "गुरम्मा, दहावीचा निकाल लागला की नव्या पोरी येतात. तोवर तू ओट्याला उभी राहिलीस तर सोनं. नाहीतर मला खोली लागेल, लक्ष्मम्माला तरी कुठं ठेवू?" यात खोटं काही नव्हतं. गुरम्माला दुसरं घर नव्हतं, मूलबाळ नव्हतं, नवरा चोवीस वर्षांपूर्वी भूकंपात गेलेला. जूनच्या मध्यापर्यंत पायावर उभं राहायचं, एवढंच तिच्यापुढं होतं.

तिची शुश्रूषा करायला आली सिंधु. सिंधु म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्याची, विरूपाक्षची, धाकटी बहीण. भूकंपात तिचाही मणका मोडला होता. डावा पाय तेव्हापासून फरपटत चालायचा, हातात काठी असायची. भूकंपानंतर सरकारनं वसवलेल्या नव्या गावात सिमेंटच्या घरात ती एकटी राहायची आणि हाताच्या मशीनवर ब्लाउज शिवायची. गुरम्मानं औशाच्या बसवाल्याबरोबर नुसता निरोप धाडला होता की माझं ऑपरेशन हाय. चौथ्या दिवशी सिंधु एका पिशवीत कपडे आणि दुसरीत शिलाई मशीन घेऊन दारात उभी राहिली. "भावजय हायेस. दुसरं कोण हाय तुला?" एवढंच म्हणाली आणि चूल कुठं आहे ते विचारलं.

गुरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मनाशी म्हणाली, सोडलं हिनं. विसरली ही. बरं झालं.

पाच आठवडे नुसतं सुख. ऑपरेशन झालं त्या दिवशीच पाय निवला. जळजळ गेली, कळ गेली, अंगठ्याला थोडी बधिरी राहिली तेवढीच. गुरम्मा हॉस्टेलच्या व्हरांड्यातून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायची आणि अभ्यासाला बसलेल्या पोरींना उगाच हटकायची. "बघा गं, कशी चालायले! जूनला कणीक मीच मळणार. तुमची ती लक्ष्मम्मा पोळ्या करती का नकाशे?" लक्ष्मम्मा ऐकायची आणि हसायची. तिला माहीत असावं, की बोलणाऱ्या बाईला हात लावावा लागत नाही, आपोआप थकते.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी गुरम्मा पाटावर बसून तूर निवडत होती. उचललं काही नाही, वाकली नाही. तासभर खाली बसली, एवढाच गुन्हा. उठायला गेली आणि कुल्ल्यातून कळ निघाली. तीच. मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेनं, त्याच वाटेनं, एकही वळण न चुकता अंगठ्यापर्यंत. गुरम्मा भिंतीला धरून उभी राहिली. ओरडली नाही, कारण पलीकडं ओट्यापाशी लक्ष्मम्मा होती आणि दारात मॅडमची चप्पल होती. सूप तिनं तिथंच ठेवलं आणि हसऱ्या तोंडानं खोलीत आली. खोलीत सिंधु शिवत बसली होती. तिनं मशीन थांबवलं नाही, नुसतं वर बघितलं.

"आलं न्हवं परत?"

"काय परत? कुठं काय?" गुरम्मा म्हणाली आणि खाटेवर आडवी होताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानंतर खोटं बोलायला जागा राहिली नाही.

डॉक्टरनं पुन्हा फोटो काढला. धर्माबादची मनतशा नावाची पोरगी, हॉस्टेलमधलीच, सोबत गेली होती इंग्रजी वाचायला. डॉक्टर म्हणाला, गादी जागेवर आहे, नवीन काही सरकलेलं नाही. "शीर सहा महिने दबून होती, मावशी. मोकळी केली म्हणून लगेच बरी होत नाही. सुजते, चिडते. येईल, जाईल. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही. चालायचं, थोडं थोडं. लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडला, तर मात्र त्याच मिनिटाला या."

"कवापतूर जाईल?"

"तीन महिने, सहा महिने. काहींना थोडं राहतंच."

थोडं राहतंच. गुरम्माला वाटलं, ह्याच्या तोंडात एक पोळी कोंबावी. सहा महिने! आणि निकाल पुढच्या महिन्यात.

मॅडमना सांगावंच लागलं, कारण गोळ्यांनी तिला दिवसभर गरगरायचं. मॅडम म्हणाल्या, "पण ऑपरेशन झालं ना?" त्यांचा सूर असा, की गाडी दुरुस्त करून आणली आणि फाटकातच बंद पडली. गल्लीतल्या बायका आल्या, ज्यांच्या कंबरा गुरम्मानं पायानं सरळ केल्या होत्या. त्या म्हणाल्या, फोटोत काही नाही म्हणजे मनाचं असंल. म्हणाल्या, कुणाची तरी नजर. एक तर तोंडावर पदर धरून म्हणाली, "गुरम्मा, तुला लाथ मारायला आता पायाळू कुठून आनायचा गं?" आणि सगळ्या खिदळल्या. गुरम्माही हसली. त्या गेल्यावर तिनं तोंडात पदराचा बोळा घेऊन रडून घेतलं. आजवर शेकडो माणसं तिच्यापुढं पालथी पडली. त्यातली निम्मी सोंग करतात असं तिला वाटायचं. न दिसणारं दुखणं खोटं नसतं, हा धडा तिला आता मिळत होता.

एकट्या सिंधुनं विचारलं नाही की खरंच दुखतं का. ती नुसती सांगत गेली. उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन उठायचं. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी. बसायचं तर उंच खुर्चीवर, आणि चहा संपेपर्यंतच. कळ आली की श्वास कोंडायचा नाही. "तू दात खातीस, म्हून जास्त दुखतंय," सिंधु म्हणायची. "भांडू नको त्याच्याशी. येऊ दे. आलं की म्हन, आलास व्हय, बस तिकडं. आन् उठून दहा पावलं चाल." पोटरी जळायला लागली की ती ओलं फडकं आणायची, पण चोळायची नाही. पोटरीवर नुसतं पसरायची, कारण चोळलं की आणखी भडकतं हे तिला माहीत होतं. व्हरांड्यात फेऱ्या मारायला दोघी बरोबर निघायच्या. एकीचा डावा पाय फरपटत, एकीचा उजवा जपून. वरच्या मजल्यावरून पोरी बघायच्या आणि पुस्तकात मान घालायच्या.

हे सगळं हिला कुठून ठाऊक, हा प्रश्न गुरम्माला सुचायला पंधरा दिवस लागले. एका दुपारी कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "सिंधु, तुला बी आसंच हुतंय?"

"हाव."

"कवापासून?"

सिंधुनं दोरा दातानं तोडला. "चोवीस वर्षं. तू कवा इचारलं न्हाईस."

त्या दिवसापासून गुरम्माला पायापेक्षा डोळे मिटायची जास्त भीती वाटायला लागली.

कारण डोळे मिटले की ती सकाळ यायची. गणपती बुडवून गाव झोपलेलं, आणि पहाटेआधी जमीन हलली. गुरम्मा दारापाशी निजली होती म्हणून वाचली. सकाळी आठला विरूपाक्षला काढला, त्याच्यात काही उरलं नव्हतं. दहाच्या सुमाराला तुळईखालून सिंधुला काढलं. एकोणीस वर्षांची, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं, निलंग्याकडचा मुलगा. पावसाची भुरभुर चालू होती. सिंधुला एका दारावर निजवलं, तिच्या तोंडावरची माती पुसली. ती म्हणाली, "कंबर लई दुखायली, वैनी." आणि भोवती गडीमाणसं उभी होती म्हणून तिनं लाजून दोन्ही गुडघे उचलले आणि लुगडं खाली ओढलं.

दोन्ही गुडघे. ते गुरम्मानं बघितलं. तिच्याशिवाय कुणी बघितलं नसेल.

दवाखाना नाही, गाडी नाही, लष्कर अजून पोचायचं होतं. कुणीतरी म्हणालं, "गुरम्मा पायाळू हाय की. लाव पाय." आणखी दोघं म्हणाले. पोरीला पालथं केलं. दहा हातांवर नवऱ्याचं प्रेत, आणि सगळं गाव तिच्या पायाकडं बघत होतं. त्या दिवशी कुणालाच काही करता येत नव्हतं. एकटी गुरम्माच काही करू शकत होती. म्हणून तिनं केलं. आणि हळू नाही केलं. सगळा राग, सगळं भ्या त्या पायात उतरलं. तिसरी बसली तेव्हा सिंधु ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "वैनी, माझे पाय कुठं गेले?"

दुपारी ट्रॅक्टरवर घालून नेली. दवाखान्यात सहा महिने. एक पाय परत आला, दुसरा अर्धाच आला. निलंग्याच्या लोकांनी सोयरीक मोडल्याचं पाहुण्याकडून कळवलं. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हाड दगडाखाली मोडलंय. दगडाखाली! गुरम्मानं तो शब्द झेलला आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवला. कदाचित खरंच दगडानं झालं असेल. कदाचित दारावर उचलताना झालं असेल, ट्रॅक्टरच्या हिसक्यानं झालं असेल. पण ते गुडघे तिनं बघितले होते. वर्षाच्या आत ती गाव सोडून लातूरला आली. लोकांना सांगितलं, घर पडलं म्हणून आले.

आणि इथं येऊन पुन्हा पाय लावायला लागली. कामून, असं कुणी तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मी सांगतो. बंद केलं असतं तर का बंद केलं ते सांगावं लागलं असतं. आणि उंबऱ्यावरून उठून "गेलं!" म्हणणारी प्रत्येक पोरगी तिच्या बाजूनं साक्ष देऊन जायची, की ह्या पायात गुणच आहे, वाईट काही नाही. अशा साक्षी तिनं चोवीस वर्षं गोळा केल्या. सिंधुला सणासुदीला लुगडं धाडलं, निरोप धाडले, पण गावी गेली ती चार-पाचदाच, तेही सकाळच्या बसनं जाऊन दुपारच्या बसनं परत. सिंधु त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. गुरम्मा म्हणायची, तिला आठवत नसंल. शुद्धीत कुठं होती.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हॉस्टेलच्या फाटकाशी जीपा, ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, बिलोली-नायगावकडून आलेले आईबाप. गुरम्मानं पहाटे दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि निश्चय केला होता, की आज ओट्याला उभं राहायचं. राहिली. लक्ष्मम्मानं मुकाट्यानं जागा दिली. बाराव्या पोळीला पाय पेटला, विसाव्याला घाम फुटला, तिसाव्या पोळीला तिनं लाटणं ठेवलं आणि ओट्याची कड धरून खोलीपर्यंत आली. सिंधुनं काही न विचारता खाटेवरची चादर सारखी केली आणि पुन्हा मशीनवर बसली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. उज्वला मॅडम कुणाचीतरी ट्रंक सरकवायला वाकल्या आणि तशाच अडकल्या. मनतशा आणि आणखी एक पोरगी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून गुरम्माच्या खोलीपाशी घेऊन आल्या. मॅडमचं तोंड पांढरंफटक पडलेलं, तरी आवाज मालकिणीचाच. "गुरम्मा, चमक भरली गं. पाय लाव लवकर. बाहेर माणसं खोळंबलीत."

गुरम्मा उठून उभी राहिली.

मॅडम उंबऱ्यावर कशाबशा पालथ्या झाल्या आणि जमिनीकडं तोंड करूनच बोलत राहिल्या. "हे बघ, पोळ्यांचं राहू दे. पोळ्या लक्ष्मम्मा करील. खोली तुझ्याकडंच ठेवते मी. बसून लसूण सोल, पोरींवर लक्ष ठेव. तू असलीस की पोरींना धीर असतो. तुझ्या पायाचा गुण काही ऑपरेशननं जात नाही. लाव बघू."

मिळालं. जे हवं होतं ते पुरं मिळालं, तेही काही न मागता. खोली, छप्पर, मान. तीनदा पाय लावायचा, हळू, आणि मॅडम उठून "गेलं" म्हणणार. नाही गेलं तरी म्हणणार. गुरम्मानं डावा हात चौकटीला लावला आणि उजवा पाय उचलला. तो जड झाला होता, अंगठा खाली लोंबत होता, आणि वरून खालपर्यंत जळत होता.

मागून मशीनचा आवाज थांबला.

"दोन्ही हालत हुते माझे," सिंधु म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. मॅडमना वाटलं असेल, नणंद-भावजयीचं काही चाललंय. मनतशानं मात्र सिंधुकडं बघितलं आणि मग गुरम्माच्या पायाकडं. पाय तसाच वर. गुरम्मानं तो हळूहळू खाली घेतला. फरशीला टेकला हे तिला पावलानं कळलं नाही, डोळ्यानं बघावं लागलं.

"मॅडम, मी न्हाई मारत."

"काय?"

"माझ्या पायात काई न्हाई. कवाच नव्हतं. मनतशा, ह्यांला दवाखान्यात न्या."

पालथ्या पडलेल्या माणसाला अपमान जास्त लागतो. मॅडम दोन पोरींच्या आधारानं उठल्या आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते दुखण्याचं नव्हतं. "असं होय? लक्ष्मम्माला आणलं त्याचा राग काढतेस? माझं खाऊन?" गुरम्मा काय बोलणार? खरं सांगायला चोवीस वर्षं मागं जावं लागलं असतं, आणि मॅडमच्या फाटकात तर जीपा उभ्या होत्या. त्या गेल्या. डॉक्टरनं एक सुई दिली आणि संध्याकाळच्या आत त्या ठणठणीत होऊन नव्या पोरींना खोल्या दाखवत फिरत होत्या.

खोलीत दोघीच राहिल्या. गुरम्मा खाटेच्या कडेला बसली.

"मी बघितलं हुतं सिंधु. तू गुडघे उचलले ते. दगडानं न्हाई झालं. माझ्या पायानं झालं."

सिंधु मशीनवरचं अर्धं ब्लाउज काढून त्याची घडी घालत होती. "म्हाईत हाय मला."

"मग बोलली कामून न्हाईस? इतकी वर्षं?"

"मी बोलायचं?" सिंधु म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "मी बोलायचं का तू? दर दिवाळीला तुझं लुगडं यायचं. मी घडी मोडून बघायची, आत चिठ्ठी हाय का. एक वळ लिहायची हुतीस. शिकल्याली हायेस की सातवी."

गुरम्मानं तिचा हात धरायला हात पुढं केला. सिंधुनं मशीन पिशवीत घातलं, त्यासाठी तिला दोन्ही हात लागत होते.

"तू आलीस, माझं केलंस... मला वाटलं, तू सोडून दिलंस."

"चाकरीला न्हाई आले मी, वैनी. तुझं दुखनं परत आलं तवा मला बरं वाटलं. खोटं कामून बोलू? बघायचं हुतं, तुला कसं दुखतंय, कुठून कुठं दुखतंय. आन् हे ऐकायचं हुतं." तिनं काठी घेतली. "ऐकलं. आता जाते. औशाची गाडी हाय दीडला."

"सिंधु, मला बी न्ये संगं. घर तुझ्या भावाच्या नावाचं हाय, मला दुसरं..."

सिंधु उंबऱ्याशी थांबली. गुरम्माला वाटलं, आता वळंल. ती वळली, पण उशीकडं बोट दाखवून म्हणाली, "गुडघ्यांत उशी घेत जा. आन् दात खाऊ नको." मग ती गेली. व्हरांड्यात काठीचा आवाज आणि मागं फरपटणारं पाऊल बराच वेळ ऐकू येत होतं, कारण तिला लवकर चालता येत नव्हतं.

आठवड्याच्या आत गुरम्मानं खोली रिकामी केली. हल्ली ती दुसऱ्या रस्त्यावरच्या एका मेसमध्ये असते. उंच खुर्चीवर बसून लसूण सोलते, कोथिंबीर निवडते, चहाभर वेळ झाला की उठून दहा पावलं चालते. दुखणं येतं, जातं. डॉक्टर म्हणाला होता तसं थोडं राहिलंच. सिंधुला तिनं बसवाल्याबरोबर दोनदा निरोप धाडला. एकदा चिठ्ठीही लिहिली, एक ओळ नाही, पानभर. उत्तर आलं नाही. दिवाळीचं लुगडं जसं धाडलं तसं परत आलं.

पण पायाची कीर्ती अशी सहज मरत नाही. परवाच एक गडी कंबर धरून, वेडावाकडा होत मेसच्या दारात आला. पोत्यांच्या हमालीतला, धडधाकट. म्हणाला, "मावशी, लई नाव ऐकलंय. लावा पाय."

गुरम्मानं लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "पाय हालतेत का दोन्ही?"

"हालतेत की. हे बघा." त्यानं तिथंच पायरीवर बसून दोन्ही गुडघे उचलून दाखवले.

गुरम्मानं तोंड फिरवलं. तो गडी घाबरला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

"हालतेत तवर दवाखाना गाठ, बाबा," ती म्हणाली. "माझ्याफुडं पालथा पडू नको."

तो चिडून उठला आणि जाताजाता दारातल्या माणसांना सांगून गेला, की बाईला लई गर्व चढलाय.